हळदीचा दोरा

माझं माहेर वाईकडचं, सासर आष्ट्यापासनं दोन कोसावर. चौथीपर्यंत शाळा झाली, मग लगीन. सासरी ऊस, विहीर, दोन बैलजोड्या, आन् घरातला एक माणूस फौजेत ठरलेलाच. मामंजी, म्हंजे माझे सासरे, हवालदार हुऊन पेन्शनीत आलेले, आन् त्यांचा थोरला, म्हंजे आमचे मालक, लढाईवर. मला सगळं ओळीनं सांगायची सवय हाय, कामाची यादी बी मी बोटांवर धरून असते, पण हे सांगताना मागंपुढं हुईल, सांभाळून घ्या.

तर लढाई संपली म्हणून गावात साखर वाटली, तरी आमचं माणूस आलं न्हवतं. ब्रह्मदेशातनं एकदा निरोप आला, मग काईच न्हाई. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, रोज तिन्हीसांजेला दारात उभ्या राहायच्या. इचारलं तर म्हणायच्या, बैलं बघतीया. बैलं तर कवाची गोठ्यात बांधलेली असायची.

त्याच साली रूथबाई आली. काय सांगू तुमास्नी, बाविशीतली पोर, आयर्लंड म्हणून मुलुख हाय तिथली, तिकडच्या एका संस्थेनं वर्षभर खेड्यात राहून काम शिकायला धाडलेली. मिरजेच्या एका मोठ्या नर्सबाईच्या हाताखाली ती शिकाऊ. बाळंतपण स्वच्छ कसं करायचं ते खेड्यातल्या बायांना दाखवायचं, हे तिचं काम. गोरी बघून गावातले गडी आधी फुरंगटले. मग ती मामंजींना म्हणाली की आमच्यावर बी ह्याच इंग्रज सायबाचं राज्य हुतं, आमी त्याला घालवलं. मामंजींनी ते चावडीवर सांगितलं, आन् त्याच गड्यांनी तिची ट्रंक खांद्यावर आणून आमच्या पडवीच्या खोलीत ठेवली.

मराठी ती मिरजेत शिकलेली, पण कुणाला काय म्हणायचं ते कळायचं न्हाई. मामंजींना एकदा म्हणाली, अरं, जेवायला चल. मी तोंडाला पदर लावला. मामंजी उठून पानावर बसले आन् म्हणाले, आय गेल्यापासनं असं कुणी बोलावलं न्हवतं. भाकरी थापायला बसली की परातीत तिचा नकाशा व्हायचा. आत्याबाई म्हणायच्या, हिचा मुलुख असा वाकडातिकडाच असंल.

आमच्या गावची बाळंतपणं आत्याबाईच करायच्या. हात लय गुणाचा. पण आदल्या साली त्यांच्याच लेकीचं, माझ्या नणंदेचं, पहिलं बाळ आठव्या दिवशी आकडी येऊन गेलं. आता नणंद दुसऱ्यांदा माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. रूथबाई मला म्हणायची, नाळ कापायचं पातं उकळलं न्हाई, हात कोपरापर्यंत धुतले न्हाईत, त्यातनं ती आकडी येती, ह्या बाळाला तसं हुऊ द्यायचं न्हाई. मला बी तेच पायजे हुतं.

एका सकाळी तिनं अंगणात घंगाळभर ऊन पाणी घेतलं, साबण घेतला, शेजारच्या चार बाया जमवल्या, आन् हात कसे धुवायचे ते दाखवायला मला पुढं बसवलं. बांगड्यांखाली मळ राहतो, म्हणाली, आन् बोलता बोलता साबणाच्या हातानं माझा चुडा सरासरा उतरवला. दोन्ही हात मोकळे. तिला काय ठावं, आन् मी बी तिच्या बोलण्यात गुंगलेली. बायांचं बोलणं थांबलं तवा मी वर बघितलं.

आत्याबाई दारात हुत्या. त्या वरडल्या न्हाईत. आल्या, खाली बसल्या, स्वतःचा पदर माझ्या दोन्ही मनगटांना गुंडाळला आन् घट्ट धरून बसल्या. शेजारणीनं बांगड्या धुऊन परत चढवल्या तवाच पदर सोडला. मग रूथबाईला एवढंच म्हणाल्या, बाई, माझं पोरगं अजून यायचं हाय. तू आता माझ्या लेकीच्या खोलीत येऊ नगंस.

मी तिला मागनं समजावलं की जिचा नवरा लढाईवर त्या बाईचा हात मोकळा दिसणं म्हंजे काय. ती पांढरीफटक पडली. जेवली न्हाई. नर्सबाईला सांगून मिरजेला परत जाते म्हणाली. मी म्हणलं, जा, आन् बाळाचं काय? तवा तिनं जायचा इषय सोडला.

पुढच्या बाजारी ती आष्ट्याला कासाराच्या दुकानापुढं जाऊन बसली. जुना चुडा काढून नवा भरताना कासार काय करतो ते बघत राहिली. तो एकदम सगळ्या बांगड्या काढत न्हाई, आन् काढायच्या झाल्याच तर आधी हाताला दोरा गुंडाळतो, हात मोकळा म्हणून राहत न्हाई. घरी आली, सुताचा दोरा उकळला, हळदीत पिवळा केला, आन् आत्याबाईंच्या पुढं धरला. हा वर दंडाला बांधायचा, मग बांगड्या काढायच्या, म्हणाली. हात मोकळा न्हाई, आन् खाली मळ बी न्हाई.

आत्याबाईंनी लय वेळ दोरा बघितला. मग माझ्या दंडाला बांधला, स्वतःच्या बांधून घेतला. आन् एक तुकडा उरला तो रूथबाईच्या बाहीखाली बांधला. मी म्हणलं, आवं, तिचं लगीन कुठं झालंय? तर म्हणाल्या,

हिची बी आय दारात उभी असंल की.

रूथबाई तवा रडली.

येळ आली तवा आत्याबाईंनी रूथबाईला शेजारी बसवलं, कोपरापर्यंत हात धुतले, पातं उकळलं, आन् नणंदेला मुलगा झाला. आठवा दिवस गेला, बारशाला घुगऱ्या झाल्या. उसाला तुरे आले तवा मालक आले, वाळलेले, पण चालत आले. रूथबाईचं वरीस सरलं, ती गेली, दोरा दंडावर तसाच घेऊन गेली.

मग आत्याबाईंच्या मागं हे काम मी धरलं. माझी पिशवी कवाबी उचला, तयार असती: साबण, पातं, धुतलेली फडकी, आन् हळदीचा दोरा.

परवाच्या साली मालक गेले. मी पिशवी खुंटीला लावली. माझ्या मोकळ्या हातानं कोण बाळ धरू देणार, म्हणलं. तर नणंदेच्या त्याच मुलानं इस्लामपूरकडनं माणूस धाडलं, बायकू अडलीया, मामी, चला. मी म्हणलं, मी येऊन काय करू. न्हेलंच. नणंदेची सून कळा देत हुती, तरी उठून बसली, माझ्या पिशवीतला दोरा काढला आन् माझ्या दंडाला बांधला. म्हणाली, तुमची बी कुणीतरी वाट बघत असंल की मामी. आता बसा हितं.

मुलगी झाली. बरी हाय. रूथबाई जिथं असंल तिथं सुखात असू दे. दोरा अजून दंडावर हाय, बघा.