काचेआडचं ऊन

दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. रिपोर्ट लेकीच्या हातात होता.

"आई, तीन महिने झाले तरी व्हिटॅमिन डी कमीच आहे. गोळी घेतेस ना?"

"दर रविवारी, न चुकता."

"आणि ऊन?"

"रोज सकाळी तासभर बसते की खिडकीत."

"काच लावून?"

"मग काय? उघडली की रस्त्याचा नुसता कलकलाट."

"अगं, काचेतून येणाऱ्या उन्हाचा काही उपयोग नाही. अंगणात बसत जा."

"अंगणात फोनला रेंज नसते. खिडकीपाशीच येते."

"फोन तर मी रविवारीच करते. बाकीचे सहा दिवस बस ना बाहेर."

"बसले असते गं. पण मधेच एखाद्या दिवशी केलास तर?"