नाना खंय?

लिहा. आज शनिवार, पंचायतीच्या मतदानाचा आदला दिवस. हजर: मी सुमन, तुम्ही लिहून घेणाऱ्या, आणि सोप्यावर पसरलेलं मांजर. माहेर गोव्यातलं मये, लग्न करून दिली इथे पार्सेत. घोव वारला, लेक बंगळूरला, तिचा फोन येतो तो जेवलीस काय एवढंच विचारायला, आणि मी महिला मंडळाची चिटणीस, म्हणून वॉर्डातल्या घरांच्या याद्या माझ्याकडे.

काय सांगू तुम्हाला, रस्ता, नळ ऐकून लोक माना डोलावतात, पण मन बसतं ते घरचं विचारलं की. म्हणून मी आमच्या वॉर्डाच्या उमेदवाराला घरोघरची वही करून दिली, कोणाची कंबर, कोणाची सून बाळंत, आणि तो गेटीपाशी वाचून आत शिरतो, माय, कंबर अजून दुखता गे? की माय विरघळलीच.

त्याच वहीत शेजारच्या यशोदामायच्या घोवाच्या, नानांच्या नावापुढे मी दमा असं लिहिलेलं. नाना चतुर्थीनंतर गेले. बाराव्याला पानं मीच वाढली, आणि वहीतलं खोडायचं मीच विसरले, माझ्यासारखी बाई!

परवा उमेदवार पायरीवरूनच ओरडला, नाना खंय? दमो बरो मा? मागे उभी मी. यशोदामाय उठली, वाटलं आता हाकलते. म्हणाली, गेले रे ते, बस. तो बसला, हात जोडून. तर तिनंच सोलकढी दिली आणि अर्धा तास नानांचं सांगितलं, कसे चिडायचे, कढी कशी भुरकायचे.

काल मला म्हणते, सुमन, ते गेल्यापासून या घरात कोणी त्यांचं नाव घेत नाही. तूसुद्धा येतेस, तांदूळ निवडतेस, टीव्हीवरचं बोलतेस. त्यानं हाक मारली आणि वाटलं गो, आतून ओ देतील. माझं मत त्यालाच, त्यानं आठवण ठेवली.

मी नुसती हसले. आठवण कसली, माझं अक्षर होतं ते, आणि तेही चुकलेलं. सांगितलं तर ती हाक तिच्याकडून काढून घेतल्यासारखं, नाही सांगितलं तर तिचं मत माझ्या चुकीवर पडणार. आणि रागावून तिनं दार लावलं तर दुपारचा चहा मी कोणाकडे घेऊ?

सकाळी सातला हात धरून मीच तिला बूथावर नेणार. बाकी सगळी कामं झाली, तिला सांगायचं तेवढं राहिलंय.