मॅडमचे आठ काउंट आन् आम्ही आठ भाऊबंद

आन् वर आम्हालाच सांगतात, अंग आपोआप हलतं म्हणं! कुणाचं हलतं आपोआप? तुम्हाला सांगतो, ह्या अंगाला मी बावन्न वर्सं वळखतो, ते सकाळी खाटंवरनं उठायला सुदिक तीनदा ईचार करतंय... आन् ही प्रांजल मॅडम, शिरूरला नाचाचा क्लास घेती, वय असंल पंचवीस-सव्वीस, मला म्हणती, "काका, प्रत्येक माणसाचं हार्ट वन-टू, वन-टू असं वाजतं, त्यामुळं चारच्या बीटवर बॉडी आपोआप मूव्ह होते." मी म्हणलं, बाई, ही बॉडी नुसती कांद्याची गोणी उचलायला मूव्ह होती, आन् ती बी आता दुसऱ्या बाजूनं कुणी धरली तर.

तरी मी म्हणलं शिकलेली पोरगी हाय, खोटं कशाला बोलंल? दुसऱ्या दिवशी शिरूरला जाऊन छातीची पट्टी, ती ईसीजी का काय म्हणत्यात ती, काढून आलो. डॉक्टर म्हणला, एकदम नॉर्मल. म्हंजी ठेका आत वाजतोय, व्हय ना? मग पायापत्तुर का येईना? मधी कुठं उसातल्या ड्रीपच्या नळीवानी चोकअप झालंय का काय? डॉक्टरला ईचारलं तर त्यानं घरच्यांना फोन लावला.

आता तुम्ही म्हणाल, भैरू, तुला ह्या वयात हे सुचलं कुठनं? मला कुठलं सुचतंय! आमची सोनम, एकुलती एक लेक, रांजणगावला कंपनीत क्वालिटीला हाय, तिचं लग्न ठरलं दौंडच्या सत्यजीतसंगं. व्याही रेल्वेतनं रिटायर, माणसं लई टापटीप, आन् त्यांना पायजे संगीत. आदल्या दिवशी सांजच्याला दोन्हीकडच्यांनी स्टेजवर नाचायचं! त्यांनी त्यांच्या नाचाचा व्हिडिओ बी धाडला, अठरा माणसं, एका टायमाला हात वर, एका टायमाला खाली, पीटीच्या मास्तरनं बघितला असता तर रडला असता आनंदानं.

आता आमची गोष्ट ऐका. आम्ही धनगर. बाप मेंढरांमागं हिंडला, मी वडगाव रासाईला भीमंच्या काठाला ऊस-कांदा करतो, मेंढरं गेली, पर गजी न्हाई सोडली. गजी म्हंजी आमचा नाच, मधी ढोल, भवतीनं गोल करून हातात रुमाल घेतलेली तीस-चाळीस माणसं. तर साखरपुड्यात विहीणबाई पेढा खाता खाता हसून म्हणल्या, "तुमच्यात अजून ते रुमाल उडवत उड्या मारतात का हो?" सगळी हसली. मी बी हसलो, मला वाटलं कौतुक हाय. पर सोनमचे कान लालभडक झालेले मी बघितले. घरी आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणली, "आप्पा, ढोल आणायचा न्हाई. तेवढं एक ऐका माझं." जत्रंत माझ्या खांद्यावर बसून ढोलाच्या ठेक्यावर माझ्या छातीवर टाचा मारायची हीच पोरगी! खोटं कशाला सांगू, लई वाईट वाटलं. पर तिला त्या घरात जल्म काढायचाय, तिची मान खाली जाईल असं आपण कशाला करायचं? व्हय म्हणलं, आन् ढोल टाकला माळ्यावर.

मग मॅडमचा क्लास सुरू. दर ऐतवारी, आमच्या कांदा साठवायच्या मोकळ्या चाळीत. आम्ही आठ भाऊबंद, सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या, आन् मोबाईलवर एक हिंदी गाणं, त्यात बाई काय म्हणती ते तिचं तिला म्हाईत. नववा चुलतभाऊ सावळाराम, आमचा ढोलवाला, त्याला तर मॅडमनं पयल्याच दिवशी बाजूला काढला. का? तर म्हणं त्याचा खांदा थांबत न्हाई! आता चाळीस वर्सं ढोल वडलेला खांदा, त्यो काय बटणानं बंद हुतोय? "काका लोक, आठ काउंट एक स्टेप, मग दुसरी स्टेप. मोजायचं नाही, फील करायचं. अंग आपोआप हलतं." हलतंय की! आठ जण आठ दिशेला हलायचे. बायको अनसाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत दारात बसलेली, ती म्हणायची, "मेंढरं बरी व्हती, वळवली की वळायची तरी."

आन् खरं सांगू का, चूक आमची बी न्हाई. गजीत मोजत न्हाईत. पावली, म्हंजी पायाची चाल, धरली की धरली, मग ती पाच मिनिटं चालू दे न्हाईतर अर्धा तास. ढोलवाल्याच्या मनात आलं की त्यो अशी एक थाप मारतो... तडाड्! की चाळीस माणसं एकदम वळणार. थांबायचं ते बी ढोलानं सांगितल्यावर. ढोलानं सोडल्याबिगर जो थांबला त्याला आमच्यात पुन्हा कुणी रुमाल देत न्हाई. आता त्या गाण्यात थाप कुठंय? नुसतं आपलं टुक-टुक टुक-टुक, ईहिरीवरच्या इंजिनासारखं, बदल न्हाई का इशारा न्हाई, माणसानं वळावं कवा?

पर तिसऱ्या ऐतवारी चमत्कार झाला. मॅडमनं वैतागून टाळी वाजवली. आठच्या आठ वळलो! पुन्हा टाळी, पुन्हा वळलो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हणली, "बघा, बीट सापडला तुम्हाला! म्हटलं होतं ना आपोआप हलतं!" टाळी वाजवती ही, वळतोय आम्ही, आन् आपोआप म्हणं! ऱ्हाऊ द्या, पोरीचं काम झाल्याशी मतलब.

तर संगीताचा दिस. दौंडचा हॉल, सांजचे पाच, एसी एवढा की आमच्या भाऊबंदांनी जाकिटावर शाली पांघरल्या. पाव्हण्यांच्या अठरा जणांनी बिनचूक नाच केला. मग आमचं नाव पुकारलं. पुढं सोफ्यावर सोनम, तिच्या एका बाजूला सत्यजीत, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. गाणं सुरू. आम्ही पयली पावली धरली... काय धरली म्हणून सांगू, आठ जण एका रेषेत, सोनमनं हळूच माझ्याकडं अंगठा दाखवला. आठ काउंट झाले. टाळी न्हाई. सोळा झाले. टाळी न्हाई. मी बघतो तर मॅडम खाली उभी ऱ्हाऊन दोन्ही हातांनी मोबाईल धरून आमचा व्हिडिओ काढती! दोन्ही हातांनी! मग टाळी काय बापानं वाजवायची?

कुणी वळलं न्हाई. वळणार कसं? कडवं झालं, तीच पावली. दुसरं कडवं झालं, तीच पावली. मागच्या पडद्यावर दिवे चार येळा रंग बदलले, आम्ही न्हाई बदललो. आन् तुम्हाला सांगतो, ते गाणं संपलं. संपलं! दिवे लागले, निवेदनवाली माईक घेऊन आली, आन् आम्ही आठ जण, कुणी सोडलंच न्हाई तर थांबायचं कसं, त्या प्लायवूडवर धप... धप... धप... धप. हॉलमधी दुसरा आवाज न्हाई. अंग आपोआप हलतं म्हणं... आपोआप थांबतं असं कुणी म्हणलं व्हतं का? मग मागनं एकजण फिस्सकन हसला. त्याच्या मागनं धा जण. सोनमनं मान खाली घातली. तवा मला वाटलं, भैरू, जे टळावं म्हणून ढोल माळ्यावर टाकला तेच शेवटी तिच्या पदरात घातलंस.

आन् इकडं सावळाराम जेवणाच्या बाजूला पाण्याच्या जारपाशी उभा. भाऊबंद असे अडकलेले त्याला बघवंना. त्यानं एक रिकामा जार उचलला, गुडघ्यात धरला. त्याच्या मनात दुसरं काय न्हाई, आम्हाला फकस्त सोडवायचं व्हतं. पर गजीत एकदम सोडता येत न्हाई, आधी बदल द्यावा लागतो. त्यानं दिला. तडाड्! आठ माणसं गरकन वळली, शाली भिंगरीसारख्या फिरल्या. हसणारे गप. त्यानं पुन्हा दिला, आम्ही बसून उठलो. माझे गुडघे दुखत व्हते का ते मला त्या टायमाला आठवंना.

आन् सोफ्याकडं बघतो तर सोनमच्या घागऱ्याची झालर हलती. तिचं तोंड अजून खालीच, पर टाचा चालू. आमच्यात बायका गजीत उतरत न्हाईत, तिला कुणी कवा शिकवलेली न्हाई. तरी पोरगी उठली, वढणी हातात धरली, स्टेजवर चढली आन् माझ्या शेजारी पावली धरली. एक बी चूक न्हाई! मग सत्यजीत आला, तो समदा चुकीचा नाचला, पर आला. मग व्याही आले. शेवटी विहीणबाई हातातली प्लेट ठेवून आल्या आन् म्हणल्या, "रुमाल आहे का हो एखादा?" मी डोळं पुसत व्हतो त्योच दिला.

मॅडम काय म्हणली असंल? म्हणली, "बघितलंत काका? मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, आपोआप हलतं!" व्हिडिओ तिनं तिच्या क्लासच्या नावानं टाकला. आता तिनं दौंडला नवी बॅच काढली हाय, गजी फिटनेस, आठ काउंटमधी बसवलेली! सावळारामला बोलवलं न्हाई, ठेका मोबाईलवर हाय. आन् त्या बॅचला पयलं नाव कुणी लावलं? आमच्या सोनमनं, सासूला घेऊन.

तवापासनं रोज सांजच्याला लेकीचा व्हिडिओ कॉल. मला अंगणात उभं करती, नाचायला लावती, आन् म्हणती, "आप्पा, पाचच्या काउंटला वळताय तुम्ही, सहाला वळायचं असतंय. मॅडमनी सांगितलंय." जल्मभर गजी नाचलेल्या बापाला सांगती! अनसाबाई म्हणती, "आवं, एकदा बरोबर वळून दाखवा की, पोरीला रोज फोन कराया लागतोय." मी म्हणलं, अगं येडे, बरोबर वळलो तर उद्या फोन कशाला करंल ती? मग काय... वळतो पाचलाच.