बारा निळ्या कोळंब्या

नाही, पण मला एक सांगा, कोळंबीला कोणी घाबरतं का? चौतीस वर्षं मी इथल्या, बंडाबर्गच्या साखर कारखान्यात बॉयलरवर काढली, शेडमध्ये दोन मीटरचा अजगर निघाला तर त्याला पाण्याच्या पाइपासारखा गुंडाळून उसात सोडून आलो, नाताळात बर्फातली बादलीभर कोळंबी मी एकटा सोलतो, एकटा! आणि गेले दोन महिने एका काचेच्या टाकीपुढून मी चोरासारखा, भिंतीला चिकटून जातोय! हसू नका. तुमच्या बायकोनं तुमच्यावर काही सोपवलं नसेल कधी, म्हणून हसताय.

टाकी ग्लेनिसची. ग्लेनिस म्हणजे माझी बायको. आता टाकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येणार, रंगीत दिवे, बुडबुडे, तळाशी प्लॅस्टिकचा खजिना... छे! हिच्या टाकीत तळाला बागेतली माती, वर वाळू, त्यात पाणवनस्पतींचं नुसतं जंगल माजलेलं, एक काळा ओंडका, आणि कोपऱ्यात एक स्पंज, त्यातून हवा येते, बुड... बुड... बुड... संपलं! खत नाही, झाडांना गॅस नाही, औषध नाही. खिडकीतून येईल तेवढं ऊन. मासे आपल्याच ओढ्यातले, बोटाच्या पेराएवढे, निळ्या डोळ्यांचे. आणि कोळंब्या. नखाएवढ्या. पण लाल म्हणजे अशा लाल, की पिकलेली मिरची शेजारी ठेवा, मिरची लाजेल! ग्लेनिस म्हणते, "ही टाकी स्वतःची स्वतःला सांभाळते, लेस. आपण फक्त मध्ये पडायचं नाही." आता तुम्हाला सांगतो, मी जन्माचा फिटर माणूस! बुडबुड करणारी एक वस्तू समोर आहे, आणि तिच्यात हात घालायचा नाही? याला काय जगणं म्हणतात?

तर जुलैत हिच्या बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन निघालं, तिकडे हॉबार्टला. ही तीन आठवडे जाणार. मला वाटलं जेवणाच्या सूचना देईल. कसलं काय! फ्रिजवर एक कागद चिकटवला, त्यावर मोठ्या अक्षरांत: काही करू नकोस. खाली बारीक: बुधवारी चिमूटभर खाणं, पाणी उतरलं तर मगभर, सावकाश. आणि त्याखाली पुन्हा, मला वाचता येत नसल्यासारखं: काही करू नकोस!

चार दिवस केलं नाही हो काही. शपथेवर सांगतो. रोज सहाला हिचा फोन. "लेस, काही केलंस?" "नाही." "शाब्बास." शाब्बास! काही न केल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी मिळत होती, पण माणसाचे हात शिवशिवतात की नाही? पाचव्या दिवशी पाहिलं तर पाणी बोटभर खाली. आता मगभर, सावकाश... अरे, आम्ही बॉयलर भरलेत! अंगणातल्या पावसाच्या टाकीतून बादली भरली, जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा, गारेगार पाणी, आणि दिली ओतून. धबाक! म्हटलं, बघ ग्लेनिस, काठोकाठ!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन टाकीपाशी गेलो... आणि कप हातात तसाच राहिला. वाळूवर एक कोळंबी आडवी. पांढरीफटक. आरपार दिसतेय! म्हटलं म्हातारी झाली असेल, व्हायचंच. पण ओंडक्याखाली दुसरी. शेवाळात तिसरी. स्पंजपाशी दोन! तुम्हाला सांगतो, मोजत गेलो, नऊ मोजल्या. नऊ प्रेतं! आणि ज्या जिवंत होत्या त्यातल्या निम्म्या वेड लागल्यासारख्या टाकीभर सुसाट पोहत होत्या, खाली-वर, काचेवर आपटत, फिट आल्यासारख्या! आणि ते मासे... ते निळ्या डोळ्यांचे मासे, सगळे एका रांगेत थांबून माझ्याकडे बघत होते. साक्षीदार!

तुम्ही म्हणाल, नऊ कोळंब्या मेल्या, त्यात काय एवढं? सांगतो. सहा वर्षांपूर्वी ग्लेनिसला कॅन्सर झाला होता. छातीचा. सगळं वर्ष ती त्या खिडकीपाशी खुर्चीत, डोक्याला फडकं बांधून. आणि मी? मी डॉक्टरांना विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, तुम्ही काही करू नका, फक्त जवळ बसा. फक्त बसा! माझी बायको मोडत चालली होती, घरात पाना होता, पक्कड होती, सगळी हत्यारं होती, आणि मी बसलो होतो. भीती म्हणजे काय ते तेव्हा कळलं मला, अजगर वगैरे सगळं झूट. त्या वर्षी आमच्या गावच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबचा म्हातारा क्लॅरी तिला जॅमच्या बाटलीतून दहा कोळंब्या देऊन गेला. फिकट गुलाबी होत्या. ही त्यांच्याकडे बघत बसायची. मग त्यांना पिल्लं झाली की त्यातल्या लाल ठेवायच्या, फिकट वेगळ्या काढायच्या, पुन्हा लाल ठेवायच्या... ती बरी होत गेली तशा त्या लाल होत गेल्या. सहा वर्षं! सप्टेंबरात क्लबच्या प्रदर्शनात मांडायच्या होत्या. आणि त्या मी एका बादलीनं मारल्या होत्या.

सहाला फोन. "लेस, काही केलंस?" मी म्हणालो, "नाही." आवाज असा आला, मला वाटलं दुसराच कोणी बोलला.

मग मी काय केलं? काही करू नकोस म्हटलं होतं ना? मग सगळं केलं! ती नऊ प्रेतं चिमट्यानं उचलली, काड्यापेटीत ठेवली, लिंबाच्या झाडाखाली पुरली. वर दगड ठेवला. दोन मिनिटं टोपी काढून उभाही राहिलो, खोटं कशाला बोलू? आणि गाडी काढून थेट हर्वी बे गाठलं, कारण इथे विकत घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं. तिथे दुकानात एक बाई, म्हटलं, "लाल कोळंबी द्या, नऊ." ती म्हणाली, "लाल संपल्यात, पण या बघा, निळ्या. आमच्याकडचा सगळ्यात भारी माल." आणि खरंच हो, काय निळ्या होत्या! म्हटलं, नऊ लाल गेल्या तर बारा निळ्या देऊ, बायको खूश होईल, लाल-निळी टाकी, काय शोभा दिसेल! घरी आणल्या, सोडल्या. त्या क्षणी बाकीच्या अजूनही सुसाट पळतच होत्या, निळ्यांतल्या काही लगेच त्यांच्यात मिसळून पळायला लागल्या. म्हटलं, चला, ओळख झाली!

आता गप्प बसावं की नाही? पण भीती माणसाला बसू देत नाही. दुसऱ्या दिवशी गेलो क्लॅरीकडे. क्लॅरी ब्याऐंशीचा, एकेक शब्द बोलायला असा वेळ लावतो, की मधे भात शिजून निघेल. व्हरांड्यात त्याच्या सतरा टाक्या, एकीवर टॉवेल टाकलेला, मला वाटलं रोग-बिग असेल आत. मी आडून आडून विचारलं, एका मित्राच्या टाकीत असं असं झालं... क्लॅरीनं पाइप झटकला. म्हणाला, "तुझ्या मित्रानं... गार पाणी ओतलं असेल... एकदम."

"असेल," मी म्हणालो.

"मग ती प्रेतं नव्हेत, लेका. कात आहे. गार पाण्यानं सगळ्यांनी एकदम कात टाकली. उचलली तर नाहीत ना? त्या खातात ती परत."

"म... मित्रानं पुरली."

"पुरली?" क्लॅरी म्हणाला. "म्हणजे मित्रानं... त्यांचे कपडे पुरले."

तुम्हाला सांगतो, मला त्या म्हाताऱ्याची पापी घ्यावीशी वाटली! जिवंत! सगळ्या जिवंत! म्हटलं, "आणि मग त्या वेड्यासारख्या पळत का होत्या?" तर तो म्हणतो, "ते नर. मादीनं कात टाकली की तेवढा एकच दिवस ती... तयार असते. पाण्यात वास सुटतो. नर शोधत सुटतात. लग्नाचा दिवस म्हण." मी इतका खुशीत, इतका खुशीत, की हात दाखवून अवलक्षण! बोलून गेलो, "वा! मग त्या दिवशी मी सोडलेल्या बारा निळ्यांनाही लग्नाचं जेवण मिळालं म्हणायचं!"

क्लॅरीचा पाइप तोंडातून खाली पडला.

"लेस," तो म्हणाला, पहिल्यांदाच भराभर, "निळी आणि लाल एकच जात. रंग फक्त निवडून काढलेत. लाल-निळ्याची पोरं ना लाल, ना निळी. तपकिरी होतात. ओढ्याच्या चिखलासारखी. आणि त्यांचीही पोरं तशीच. सहा वर्षं गेली लेका तिची... आणि दिवसही काय निवडलास!"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे! मी मेलेल्या समजत होतो तेव्हा बरा होतो हो! मेल्या तर मेल्या, संपलं. आता त्या जिवंत होत्या, आणि लग्न लागलं होतं! घरी येऊन जाळी घेतली. दोन दिवस. दोन दिवस मी त्या जंगलात बारा निळ्या शोधत होतो, गुडघ्यांवर बसून, तोंडात टॉर्च धरून. अकरा सापडल्या. अकरा! क्लॅरीकडे पोचवल्या. बारावी नाहीच. मी चहा करायला वळलो की ती स्पंजमागून डोकं काढायची, मी जाळी घेतली की गुप्त! आणि ते मासे पुन्हा रांगेत. संध्याकाळी सहाला फोन. "लेस, काही केलंस?" "नाही." "शाब्बास."

तीन आठवड्यांनी ग्लेनिस आली. बॅगसुद्धा खाली न ठेवता टाकीपुढे. बघतेय... बघतेय... मी मागे उभा, दाराच्या मुठीला धरून. "लेस," ती म्हणाली, "लेस, बघ तरी! सहा माद्या अंडी घेऊन आहेत!" आणि वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी म्हणालो, "वा." तिथून पुढे दोन आठवडे मी झोपलो नाही की जेवलो नाही. कारखान्याच्या क्लबात शुक्रवारी कोळंबीची थाळी आली तर उठून बाहेर गेलो. रोज सकाळी भिंग घेऊन टाकीपुढे. अंड्यांचा रंग दिसतो का? दिसत नाही! भीती ही, की एक दिवस ती त्या खुर्चीत बसेल, त्याच खुर्चीत, आणि टाकीत तिला चिखल दिसेल, आणि ते मी केलेलं असेल. ज्या वर्षी काही करता येत नव्हतं त्या वर्षी तिनं स्वतः जे उभं केलं ते, नेमकं ते, मी...

मग पिल्लं आली. मुंग्यांएवढी. बिनरंगाची! रंग कळायला आणखी कितीतरी आठवडे लागणार! मी भिंग लावून बसलोय, टोस्ट हातात, आणि ग्लेनिस मागून शांतपणे म्हणाली, "लेस, बारावी स्पंजच्या मागं आहे."

टोस्ट टाकीत पडला.

"क... कोणती बारावी?"

"निळी. क्लॅरीनं त्याच दिवशी फोन केला मला. तू त्याच्या फाटकाबाहेर पडायच्या आत."

"म्हणजे महिनाभर तुला माहीत आहे? आणि बोलली नाहीस?"

"टाकी गढूळ झाली की मी काय करते?" ती म्हणाली, टोस्ट चमच्यानं काढत. "हात घालत नाही. गाळ आपोआप खाली बसतो. तू कधी बसतोस, तेवढीच वाट बघत होते."

मी रडलोच हो. एवढा दांडगा माणूस, बॉयलरवरचा! म्हटलं, "ग्लेनिस, तुझ्या त्या लाल... त्या वर्षीच्या..." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "त्या वर्षीच्या सुखरूप आहेत. तीस निवडून क्लॅरीकडे ठेवल्यात. टॉवेलखाली. प्रदर्शनात त्याच जाणार."

"टॉवेलखाली! कधी ठेवल्यास?"

"हॉबार्टला निघायच्या आदल्या दिवशी."

"आदल्या दिवशी? पण तेव्हा तर मी काहीच केलं नव्हतं!"

"लेस," ती म्हणाली, "आपल्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली."

आता ती खिडकीतली टाकी रिकामी करून तिनं पुन्हा लालांना दिली, आणि तपकिरी पोरं, आया, ती बारावी, सगळं लटांबर माझ्या शेडमध्ये पाठवलं. माझी टाकी. म्हणाली, "ही तुझी. जबाबदारीही तुझी." वर तोच फ्रिजवरचा कागद चिकटवलाय. रोज समोर स्टूल घेऊन बसतो. खरं सांगू? चिखल-चिखल म्हणतात, पण उन्हात बऱ्या दिसतात त्या. आज सकाळी तळाशी काहीतरी पांढरं पडलेलं दिसलं. कात आहे हो, कात, मला माहीत आहे! तरी मोजून आलो. एकशे चार. काल एकशे पाच होत्या... असू दे. जाळी नाही घेतली, बादली नाही घेतली, हात पाठीमागे बांधून बसलोय. मी काही करत नाही आता. फक्त घाबरतो.