लाल चड्डीतल्या किसनदादाला मी पाडलं

मंडळी, वहिनी, अन् आमच्या टीमच्या गड्यांनो,

बोलायला उभा तर राहिलो, पण बोलायची सवय न्हाई. मी शिलाईवाला माणूस. कात्री चालते, जीभ न्हाई चालत. सांभाळून घ्या.

किसनदादाला जाऊन आज दहा दिवस झाले. आपल्या जवळा बाजार गावात अपंगांची रग्बी त्यानं सुरू केली, तवा सारं गाव हसलं. त्याचा एक हात मळणीयंत्रात गेलेला, माझा पाय पोलिओचा. अन् हे म्हणे चेंडू काखेत मारून पळणार, एकमेकाला धरून पाडणार! खरं सांगतो, मीबी हसलो होतो.

पहिल्या दिवशी मी त्याला हळूच धरलं. लागंल म्हणून. दादा भडकला. "काहून रे? तुलाबी माझी कीव येऊन राहिली? बराबर पाड!"

तवापासून बराबर पाडलं. दर रविवारी पाडलं. त्यानं मला जास्त पाडलं, ते सोडा.

मग दादाला किडन्यांचं दुखणं आलं. आमच्या खेळात नियम हाय. ज्याचं शरीर पडणं सोसत न्हाई, त्यानं लाल चड्डी घालायची. त्याला नुसता हात लावायचा, पाडायचं न्हाई. दादा लई दिवस ऐकंना. शेवटी दुकानात आला. म्हणला, "शिव बाबा एक. खेळ सुटण्यापरीस चड्डी बरी."

मीच शिवली. अन् पहिल्याच रविवारी मीच विसरलो. सवयीनं धावलो अन् दादाला आडवं केलं. सारे गडी धावत आले. दादा मातीत पडून हसून राहिला होता.

महिन्याभरात दादा गेला. डॉक्टर म्हणले, दुखण्यानंच गेला, पडण्यानं न्हाई. पण मनाला कोण सांगणार? मी ठरवलं, आता मैदानात पाय ठेवायचा न्हाई.

काल वहिनींपुढं हात जोडले, सारं सांगितलं. वहिनी म्हणल्या, "भाऊजी, त्या दिवशी ती मळकी चड्डी मला धू न्हाई देली त्यांनी. दिसंल त्याला माती दाखवत फिरले."

मंडळी, मी तिथंच ओट्यावर बसून रडलो.

येत्या रविवारी मी खेळायला येणार हाय. तुमीबी या.

आता दोन मिनिटं शांत राहू. सभेत उभं राहायची पद्धत हाय, पण आपल्यात निम्म्यांना ते जमत न्हाई. ज्याला जमंल त्यानं उभं राहावं, बाकीच्यांनी बसूनच. दोन्ही सारखंच पोचतं.

दादा, रामराम.