सख्ख्या आत्याची सून

माझं माहेर धारूरच्या डोंगरातलं, आन् दिलं बी तितंच, चार घरं सोडून, सख्ख्या आत्याच्या पोराला. आमच्यात तसंच असतंय, मामाच्या पोरीवर आधी भाच्याचा हक्क. आता सासूला आत्या समद्याच सुना म्हणतात, म्हणून बाहेरच्याला कळत न्हाई की आमची आत्या खरीच आत्या हाय. हे आधी सांगते, कारण पुढं समदं यावरच अडलं.

शेळ्या राखायच्या, दूध घालायचं, तीन लेकरं. थोरली रेखा सोळाची झाली आन् तिच्या अंगावर निळे डाग उठाया लागले, दात घासले की रक्त. तालुक्याच्या डॉक्टरनं विचारलं लग्न नात्यातलं का, मी हो म्हणले, तर चार माणसांत बोलला, नात्यात लग्नं करता आन् मग रडत येता. ते मला लई लागलं.

मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, हाडात रक्त बनायचं थांबलंय. मटणाच्या नळीत मगज असतो ना, तसला दुसऱ्याचा मगज हिला द्यावा लागंल, पण तो जुळला पाहिजे, न्हाईतर जीव जाईल. काय सांगू तुमाला, मला ते लगेच कळलं. शेळी दुसरीचं करडू थानाला लागू देती का, वास घेती आन् लाथ मारती. अंगाचं बी तसंच. दीर रक्त द्यायला आला तर बाई म्हणल्या घरच्यांचं नको, हिचं अंग त्याला आत्ताच वळखून बसलं तर पुढं मगज टिकणार न्हाई. दीर रुसला, म्हणला आमचं रक्त काय नासकं हाय का.

कागदावर पुन्हा तेच, लग्न नात्यात झालंय का. मी म्हणले, न्हाई. मालकांनी माझ्याकडं बघितलं आन् कागदावर सही केली.

दोन्ही पोरांची तपासणी झाली, एकाचं बी जुळलं न्हाई. बाई म्हणल्या आईबापाचं अर्धंच जुळतं, आता बाहेर नाव नोंदवलेल्या लोकांत शोधू, महिने लागतील. आन् इकडं पोरीचा ताप उतरंना. बाईंच्या तोंडावरनं दिसत होतं की तितके महिने हिच्याकडं न्हाईत. तवा मी म्हणले, बाई, मी एक खोटं बोलले, मालक माझ्या आत्याचा पोरगा हाय. त्यांनी पेन खाली ठेवला. अहो, हे आधी का नाही सांगितलं, म्हणल्या, आन् आमा दोघांचं रक्त लगेच तपासायला घेतलं.

आठ दिवसांनी कागद आला. माझं आन् रेखाचं समदं जुळलं. मी म्हणले कसं काय, तर बाईंनी रेघा काढून दाखवलं. माझ्या आज्ज्याचं जे आत्याकडनं मालकाला आन् मालकाकडनं पोरीला आलं, तेच माझ्या बापाकडनं मला आलेलं. उरलेलं अर्धं तिला माझंच, माझ्या आईकडचं. मी कमरंच्या हाडातनं मगज दिला, चार दिवस ठणकलं, बस. वर्षभर शेळ्या भावाकडं ठेवल्या, कारण पोरीला जनावराजवळ जायची मनाई होती.

आत्या गावभर सांगत फिरली, नात्यात दिली म्हणून नात वाचली. मी म्हणले, आत्या, गप बसा. बाईंनी साफ सांगितलं हाय, हे नशिबानं जुळलं, नात्यातल्या लग्नानं आजार बी येतात, त्या भरवशावर पोरी देऊ नका.

रेखा आता एकोणीसची हाय, तेलगावला कॉलेजात जाती, दोन भाकरी खाती आन् तिसरीला भांडती. मागल्या महिन्यात माझा भाऊ आला, त्याच्या पोरासाठी तिला मागायला. म्हणला, अक्का, घरातल्या घरात राहील. मी चहा दिला, जेवू घातलं आन् म्हणले, बाबा, दुसरं काय बी माग. तो रुसून गेला. येईल दिवाळीला, माझ्या शेळ्यांसंगं आलेल्या त्याच्या चार शेळ्या अजून माझ्याकडं हायेत.