बंगल्यातली हुमणी

— नाय हो शेखरभाऊ, तिथं नका खणू, तिथं पाइप हाय. हिकडं या, सावलीला बसा, चहा टाकते. हुमणी काय पळून चाललीय का? शेतकीच्या लॅबमधनं गंगापूर रोडपर्यंत ऑक्टोबरच्या उन्हात आलात, जरा टेका तरी. मुळं खाऊन खाऊन त्या अळ्या इतक्या माजल्यात, जागच्या हलायच्या नायत.

बघा ना, सगळं लॉन पिवळं. हातानं ओढलं की सतरंजीसारखं गोळा होऊन येतं — खाली मुळंच नाय. साहेब पुण्याहून फोन करतात — कुसाबाई, दिवसभर करतेस काय तू? आता काय सांगू? तुम्ही सांगितलं ते सगळं केलं मी. हुमणीचे भुंगेरे पकडायला तो दिवा — खाली पाण्याचं घमेलं ठेवून — लावला की जूनमध्ये. दोन दिवस. मग विझवला, बिल येतं ना हो. साळुंक्या? येतात की अळ्या टिपायला, पण लय उकरतात, म्हणून हाकलते. बगळ्यांना बी हाकलते. असं बघू नका माझ्याकडं! लॉन राखायला ठेवलंय मला, पाखरं पोसायला नाय.

आणि तुमची ती बुरशीची पिशवी — शेणखतात कालवायची, उन्हं उतरल्यावर टाकायची, वर पाणी मारायचं, हुमणीला रोग लागतो आणि ती आपोआप मरते — सगळं पाठ हाय मला. टाकली की. म्हंजे, आधी जरा पत्र्यावर ठेवली होती. उन्हात. चार दिवस... हां, माहीत होतं, उन्हानं बुरशी मरते, तुम्हीच दहादा बजावलं होतं. म्हणून तर ठेवली! — घ्या, बोलून गेले. जळो मेलं माझं तोंड.

आता ऐकाच. साहेबांना बंगला विकायचाय. गिऱ्हाईक दिवाळीत येणार, पण असलं टक्कल पडलेलं लॉन दाखवायची त्यांना लाज वाटते. लॉन हिरवं झालं की बंगला गेला, आणि त्याच्यामागं माझी खोली गेली. मग कुठं जायचं? गावाला, पेठला, दिराच्या दारात. तो टपूनच बसलाय — माझ्या सरितासाठी स्थळ बघून ठेवलंय, तीस वर्षाचा बाप्या! पोरगी बारावीला हाय हो माझी, सतरा वर्षाची. मार्चात पेपर. तोवर मला ही हुमणी पाहिजे होती, कळलं? आणि लॉन लयच बिघडलं तर साहेब दुसरा माळी आणतो म्हणतात, खोली बी त्यालाच. म्हंजे हुमणी मेली तरी मी रस्त्यावर, जगली तरी रस्त्यावर. रोज उठून हेच बघते — जास्त तर नाय सुकलं? जास्त तर नाय फुटलं? माहेर नाय, नवरा नाय, सांगू कुणाला? म्हणून तुम्हाला सांगत बसलेय, तुमची माझी ओळख ती केवढी.

अहो, ते खुरपं ठेवा. शेखरभाऊ, हात जोडते — खणलंच तुम्ही. काय हाय ते? हिरवं कसलं — बुरशी चढलीय? ही हुमणी हाय? दाबली तरी हलत नाय. ही बी? आणि ही बी? पण मी तर नासवून टाकली होती बुरशी... दुसरी पिशवी? कुठली दुसरी पिशवी?

सरिता? आमची सरिता लॅबवर आली होती, पिशवी मागायला? काय म्हणाली — पहिली उन्हात नासली, आईची नोकरी जाईल? अगं माझे बाई. म्हंजे मी शेजारी भांडी घासायला जायची, तेवढ्यात पोरगी पुस्तक ठेवून बुरशी टाकून पाणी मारत होती. आणि मी म्हणायची, घरात अभ्यासाला बसलेल्या पोरीचे पाय चिखलाचे कसे? एका शब्दानं बोलली नाय हो. मी तरी कुठं बोलले तिच्याशी? बंगल्याचं ऐकलं तर अभ्यासातनं लक्ष उडंल, म्हणून गप बसले.

साहेबांना मेलेल्या हुमणीचा फोटो पाठवायचाय ना तुम्हाला? पाठवला बी? बरं केलंत. तुमचं काम हाय ते, तुम्ही काय करणार.

गप. फाटक वाजलं, तीच आली. डोळे पुसू द्या मला. शेखरभाऊ, विकायचा चकार शब्द काढू नका तिच्यासमोर. शाबास म्हणा तिला, तुझ्यामुळं वाचली आई म्हणा. आणि जा मग, थांबू नका — चहा राहू द्या.